पोटातले दुखणे आणि पोटात ठेवलेले दुखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी सावेडी येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी पाककृतींवर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर बोलते. यंदा चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही एकतीस वर्षे परिचारिका होतात, आरोग्यावर काहीतरी बोला." मी विषय सांगितला, तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलाच. पण जरा मोकळेपणाने बोला. आमच्या घरातही हेच चालले आहे."

विषय असा, की बीजकोशाचे ऑपरेशन होऊन पाच वर्षे झाली, दहा वर्षे झाली, टाके केव्हाच वाळले, आणि तरीही पोट दुखते. हात वर करा असे मी कोणाला म्हणणार नाही. परंतु ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना ते ठाऊक आहे.

मी डॉक्टर नाही. माझे बोलणे म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. आज मी दोन नात्यांनी उभी आहे. एक, रुग्णाच्या खाटेपाशी उभी राहिलेली बाई म्हणून; आणि दुसरे, स्वतः त्या खाटेवर पडलेली बाई म्हणून. पहिल्या नात्याने माझ्या हातून एक चूक झाली, तीच आधी सांगते.

नोकरीत असताना आमच्या बाह्यरुग्ण विभागात पाथर्डी तालुक्यातली एक बाई आली होती. वय असेल पस्तीस. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. मला म्हणाली, "सिस्टर, पिशवी काढून तीन वर्सं झाली, पर पोटातली कळ काही जाईना." रांग मोठी होती, दुपार झाली होती. मी म्हटले, "होतं असं, बाई. जड उचलू नकोस." ऊसतोडणी करणाऱ्या बाईला मी जड उचलू नकोस म्हणून सांगितले! तिने मान हलवली आणि ती निघून गेली. पुन्हा काही मला ती दिसली नाही. तिची चिठ्ठी डॉक्टरांपर्यंत पोचवणे माझ्या हातात होते. मी ती पोचवली नाही. त्या वेळी मला त्याचे काही वाटलेही नाही. वाटले ते पुष्कळ वर्षांनी, माझ्याच पोटात कळ येऊ लागली तेव्हा.

आता त्या ‘पिशवी’ या शब्दाकडे वळते. आपल्याकडे सर्रास ‘पिशवी काढली’ असे म्हणतात. पण त्या एका शब्दात नेमके काय काय गेले, हे पुष्कळ बायकांना ठाऊक नसते. पिशवी म्हणजे गर्भाशय. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक बीजकोश असतो, डॉक्टर ज्याला ओव्हरी म्हणतात. आकाराने सोललेल्या मोठ्या बदामाएवढा. दर महिन्याला बीज पिकवणे हे त्याचे एक काम. दुसरे काम रक्तात संप्रेरके सोडण्याचे. आणि या दुसऱ्या कामावर आपली हाडे, झोप, लघवीच्या जागेची ओल, हृदय असे पुष्कळ काही अवलंबून असते. नुसते गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण बीजकोश आपले काम करीत राहतात. दोन्ही बीजकोश काढले, तर बाईची निवृत्ती हळूहळू न येता एका दिवसात येते. म्हणून ‘पिशवी काढली’ एवढ्यावर भागत नाही. गर्भाशय काढले का? बीजकोश काढले का? एक की दोन्ही? एक असेल तर उजवा की डावा? पुढच्या दुखण्याचा अर्थ या उत्तरांवर ठरतो.

कोणी असे समजू नये की मी ऑपरेशनच्या विरुद्ध बोलते आहे. बीजकोशाचे पहिले यशस्वी ऑपरेशन १८०९ साली अमेरिकेत झाले. जेन क्रॉफर्ड नावाची बाई साठ मैल घोड्यावर बसून डॉक्टर इफ्रेम मॅकडॉवेल यांच्याकडे गेली. भूल देण्याचे औषध तेव्हा निघाले नव्हते. तशाच स्थितीत त्यांनी तिच्या पोटातून सुमारे दहा किलोची गाठ काढली. पाच दिवसांनी ती बाई उठून स्वतःचे अंथरूण आवरीत होती, आणि पुढे ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होईपर्यंत जगली. तेव्हापासून या ऑपरेशनाने असंख्य बायका वाचवल्या आहेत. मोठी गाठ असेल, पीळ पडला असेल, कर्करोग असेल, तर ऑपरेशन करायलाच हवे.

पण गरज नसताना केले तर काय होते, हे आपल्या शेजारच्या जिल्ह्याने पाहिले आहे. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, कारखान्यांचे धुराडे पेटले की बीडहून आणि आपल्याच पाथर्डी-जामखेडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पाळीचे चार दिवस फडात ना आडोसा, ना पाणी. मग अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, आणि कोणीतरी सांगते, पिशवी काढून टाक म्हणजे कटकट मिटेल. २०१९ साली हे प्रकरण देशभर गाजले. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींत एक. त्यांतल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या. पुष्कळ जणींनी सांगितले, की ऑपरेशनने कटकट मिटली नाही. पोट, कंबर, गुडघे यांचे नवे दुखणे मागे लागले.

त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना असे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आवश्यक झाले. केंद्र सरकारने २०२२ साली अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक नियम काढले, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ते अमलात आणण्यास सांगितले. हे चांगलेच झाले. पण ज्यांचे ऑपरेशन आधीच झाले आहे, त्यांच्या दुखण्याचे काय? आणि हा प्रश्न काही फडातल्या बायकांपुरता नाही. सावेडीतल्या पक्क्या घरांतूनही तो आहे.

माझेच सांगते. मी त्रेचाळीस वर्षांची असताना गाठीमुळे माझे गर्भाशय आणि दोन्ही बीजकोश काढले. ऑपरेशन गरजेचे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सहा वर्षे बरी गेली. मग ओटीपोटात डाव्या बाजूला दुखू लागले. कधी सुई टोचल्यासारखे, कधी जळजळ. आधी वाटले, गॅस असेल. ओवा खाल्ला, हिंग लावले. एका दवाखान्यात गेले, तिथे पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. दुसरीकडे म्हणाले, "आता काढण्यासारखे काही उरलेच नाही, तर दुखेल काय? मनाचे आहे." मी दवाखान्यात जन्म काढलेली बाई, पण ते ऐकून मलाही लाज वाटली. घरी आले आणि गप्प बसले. नऊ वर्षे गप्प बसले! दुखणे पोटात होते, आणि ते मी पोटातच ठेवले.

ते बाहेर काढले माझ्या सूनबाईने. एक दिवस म्हणाली, "आई, बाळ तुमच्याकडे झेपावतं, आणि तुम्ही त्याला उचलून घेत नाही. आणि उठताना डावा हात पोटावर ठेवता. मी दोन महिने बघते आहे." मला रडू आले. दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतून जुने कागद शोधून काढले आणि मला एका शल्यचिकित्सकाकडे घेऊन गेली.

त्या डॉक्टरांनी प्रथम कागद वाचले. मग विचारले, "एका बोटाने दाखवा, कुठे दुखते?" मी व्रणाच्या डाव्या टोकाशी बोट ठेवले. त्यांनी तिथे बोट दाबून ठेवले आणि मला उताणे निजल्या निजल्या डोके उचलायला सांगितले. पोटाचे स्नायू ताठ झाले आणि कळ दुप्पट झाली. ते म्हणाले, "दुखणे पोटाच्या आत नाही, पोटाच्या भिंतीत आहे. व्रणात एक बारीक नस अडकली आहे." ही परीक्षा काही नवी नाही, कार्नेट नावाच्या डॉक्टरांनी ती १९२६ सालीच सांगून ठेवली आहे. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, लागते ते रुग्णाकडे लक्ष. त्या जागी बधिर करणारी इंजेक्शने थोड्या थोड्या अंतराने तीन वेळा दिली. दुखणे सोळा आणे गेले असे मी म्हणणार नाही. बारा आणे गेले. नातू आता शाळेत जातो, पण त्यानंतर मी त्याला पुष्कळ उचलून घेतले.

प्रत्येकीचे दुखणे नसेचेच असेल असे नाही. कारणे अनेक आहेत, ती थोडक्यात सांगते.

पहिले कारण, आतून चिकटणे. पोटात आतडी ओल्या, गुळगुळीत पडद्यात एकमेकांवरून सरकत असतात. पोट उघडले की तो पडदा दुखावतो, आणि भरून येताना कुठे कुठे धाग्यांसारखे जाळे धरते. घडीच्या पोळीत तेल लावायचे राहिले तर पदर सुटत नाहीत, तसे. डॉक्टर याला ॲढेजन म्हणतात. पुष्कळ जणींना ते असूनही काही त्रास होत नाही. काहींना जेवणानंतर, वाकताना, शौचाच्या वेळी ओढ बसते.

दुसरे, बीजकोशाचा तुकडा मागे राहणे. बीजकोश आतड्याला किंवा बाजूच्या भिंतीला घट्ट चिकटलेला असेल, तर काढताना त्याचा लहानसा अंश राहू शकतो. तो पुन्हा काम करू लागतो, त्यात पाण्याची गाठ धरते. दोन्ही बीजकोश काढलेले असूनही अंगाच्या वाफा कधी आल्याच नाहीत, आणि महिन्याच्या महिन्याला एका बाजूस दुखते, तर ही शंका घ्यावी. रक्ताची एक संप्रेरकाची तपासणी आणि सोनोग्राफी यांवरून पुष्कळसा उलगडा होतो. हे क्वचित घडते, पण घडते. आणि एकच बीजकोश काढला असेल, तर उरलेल्यातही गाठ होऊ शकते.

तिसरे, व्रणाच्या जागी हर्निया. खोकताना, शिंकताना व्रणाजवळ फुगवटा येतो आणि निजल्यावर तो आत जातो.

चौथे, संप्रेरके संपल्यामुळे होणारे त्रास. लघवीची जागा कोरडी पडते, जळजळते, वारंवार संसर्ग होतो आणि ओटीपोट दुखते. हाडे ठिसूळ होतात. पाठीचा मणका खचला तर त्याची कळ पुढे पोटापर्यंत येते. ज्यांचे दोन्ही बीजकोश निवृत्तीच्या वयाआधी गेले, त्यांनी संप्रेरकांच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. नैसर्गिक निवृत्तीच्या वयापर्यंत त्या घेणे पुष्कळ जणींना हिताचे असते. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईला मात्र त्या साधारणतः देत नाहीत. ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

आणि पाचवे, ज्याचा ऑपरेशनशी संबंधच नाही असे दुखणे. मुतखडा, पित्ताशयातले खडे, बद्धकोष्ठ, आतड्याचा विकार, आपल्या देशात पोटाचा क्षयसुद्धा. सगळ्याचा दोष जुन्या ऑपरेशनला देऊन आपण मोकळ्या होतो, आणि खरे दुखणे आत वाढत राहते.

काही लक्षणे दिसली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कळा येऊन उलट्या होणे, पोट फुगणे आणि वारासुद्धा न सरणे. ताप आणि पोटदुखी बरोबर असणे. व्रणाजवळचा फुगवटा टणक होऊन दुखू लागणे. यांत रात्र काढू नये. आणि अंगावरून रक्त गेले, लघवीतून किंवा शौचातून रक्त पडले, भूक मंदावून वजन उतरू लागले, पोट वाढतच चालले, तर आठवड्याच्या आत दाखवावे. ‘बीजकोशच नाहीत, आता कसला कर्करोग’ असे म्हणू नये. पोटाच्या आतल्या पडद्यात तशाच जातीचा कर्करोग, क्वचित का होईना, होऊ शकतो.

आता आपण काय करायचे? माझ्या तीन सूचना आहेत.

एक, कागद. घरी गेल्यावर आपले ऑपरेशनचे कार्ड शोधा. काय काढले ते त्यावर लिहिलेले असते, आणि काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल वेगळा असतो. तो अधिक महत्त्वाचा. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी दवाखान्यात लेखी अर्ज करावा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. परंतु त्याच नियमांप्रमाणे दवाखान्याने ते तीनच वर्षे जपून ठेवायचे असतात. दहा वर्षांनी गेलात तर मिळतीलच असे नाही. म्हणून आपले कागद आपणच जपायचे. जमिनीचा सातबारा आपण कसा कपाटात ठेवतो! मग आपल्या देहाचा उतारा माळ्यावर का टाकावा?

दोन, नोंद. भिंतीवरच्या कालनिर्णयावर आपण दुधाचा खाडा लिहितो ना? त्याच चौकोनात दुखले त्या दिवशी एक खूण करा. किती वेळ दुखले, जेवणानंतर की चालल्यावर, एका बोटाने दाखवता येते की तळहात फिरवावा लागतो, एवढेच लिहा. डॉक्टरांपुढे ‘सारखंच दुखतं’ म्हटले की त्यांना काही कळत नाही. तीन महिन्यांची पाने पुढे ठेवली की पुष्कळ कळते.

तीन, घाईने दुसरे ऑपरेशन नको. चिकटलेले सोडवून टाका, म्हणून पुष्कळ जणी मागे लागतात. नेदरलँडमधल्या डॉक्टरांनी २००३ साली अशा शंभर रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. निम्म्यांचे चिकटलेले भाग दुर्बिणीने सोडवले, निम्म्यांचे नुसते पाहून पोट बंद केले. वर्षभराने दोन्हीकडे आराम जवळजवळ सारखाच पडला होता. शिवाय पोट पुन्हा उघडले की पुन्हा चिकटण्याला वाव मिळतो. आतडे अडले असेल तर गोष्ट वेगळी. एरवी दुसऱ्या एका डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय मान डोलवू नका. पोट साफ राहील असा आहार, चालणे, पोटाच्या आणि कमरेच्या स्नायूंचा शिकवून घेतलेला व्यायाम, वेळेवर औषध, यांनी दुखणे पुष्कळ आटोक्यात राहते. मुळीच न दुखणे हे प्रत्येकीच्या नशिबी नसेल. पण का दुखते हे कळले, की निम्मी भीती जाते.

एक शब्द घरच्यांसाठी. ही स्मरणिका घरातले पुरुषही चाळतात, म्हणून मुद्दाम सांगते. आपली बायको, आई, सासू उठताना हात कुठे ठेवते, तिकडे जरा पाहा. ती सांगणार नाही. तिला विचारायला हवे, आणि एकदा ‘काही नाही’ म्हणाली तर पुन्हा विचारायला हवे. मला नऊ वर्षांत कोणी डॉक्टरने जे विचारले नाही, ते माझ्या सुनेने विचारले.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो, कधी वाटी, कधी डबी. यंदा एक कापडी पिशवी लुटावी, कागद ठेवण्यापुरती. आपल्या शिवणवर्गातल्या मुली त्या शिवून देतील. आणि ते वाण सगळ्यांना द्यावे. ज्या कुंकू लावत नाहीत त्यांनाही, आणि आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांनाही. त्यांना अक्षर वाचता येत नसेल, तर त्यांचे कार्ड आपण वाचून दाखवावे. मी दर गुरुवारी दुपारी मंडळाच्या खोलीत बसेन. ज्यांना आपले कागद समजून घ्यायचे असतील त्यांनी यावे. मी औषध देणार नाही. कागदावर काय लिहिले आहे ते सांगेन, आणि कोणाकडे जायचे ते सांगेन.

पाथर्डीच्या त्या बाईला मी जे सांगायला हवे होते, ते आज तुम्हांला सांगते आहे. ‘होतं असं’ म्हणून कोणी तुम्हांला परत पाठवले, तर परत जाऊ नका. तिथेच बसा आणि विचारा, "असं का होतं?"